शत्रूचं पागोटं कोणत्या रंगाचं?

रायपुरातल्या एका मराठी सभागृहाची रंगरंगोटी झाली आणि व्यासपीठामागची भिंत मोकळी राहिली. मोकळी भिंत आपल्या लोकांना बघवत नाही. कार्यकारिणी बसली, पोहे झाले, चहा झाला, आणि ठरलं की तिथे लढाईचं भव्य चित्र लावायचं. 'तेजस्वी इतिहास' हे दोन शब्द त्या बैठकीत मी अकरा वेळा मोजले. मग अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "बोला, कोणती लढाई घ्यायची?"

मी म्हणालो, "पाचगावची."

दोघांना वाटलं मी पाचगणी म्हणालो. एकाने मोबाइलवर शोधायला घेतलं. उपाध्यक्षांनी विचारलं, "मोगलांबरोबरची का ही?" मी सांगितलं, नाही, भोसल्यांची भोसल्यांबरोबरची. भावाभावांची. आपण आज रायपुरात बसून पोहे खातोय ते ज्या घराण्याच्या मागून इथे आलो, त्याच घराण्याची. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि ठेवणीतल्या गंभीर आवाजात म्हणाले, "घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती मूठ उघडून आत काय आहे ते दाखवायचं, एवढ्यासाठी हा लेख.

पहिले रघूजी भोसले 1755 मध्ये वारले. मुलगे चार. जानोजीला सेनासाहेबसुभा हे पद आणि नागपूर, मुधोजीला चांदा, साबाजीला वऱ्हाडातलं दारव्हा आणि बिंबाजीला छत्तीसगड. जानोजीला मूल नव्हतं, म्हणून त्याने मुधोजीच्या मुलाला, पुढच्या दुसऱ्या रघूजीला, मांडीवर घेतलं. 1772 मध्ये जानोजी गेला आणि सत्ता कुणाच्या हातात राहायची यावरून मुधोजी आणि साबाजी एकमेकांच्या उरावर बसले. तह झाले, मोडले, बाहेरच्यांनी दोन्हीकडून काड्या घातल्या. शेवटी 26 जानेवारी 1775 रोजी नागपूरजवळच्या पाचगावला दोघे समोरासमोर आले. साबाजीची सरशी होत होती. मुधोजी घेरला गेला. जिंकत आलेल्या साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीला भिडवला आणि शरण ये म्हणून बजावलं. मुधोजीने पिस्तूल उचललं आणि भावाला अंबारीतच गोळी घातली. हरलेली लढाई एका गोळीने जिंकली.

चित्रकाराला याहून काय हवं? दोन हत्ती, सोंडेला सोंड लागलेली. दोन अंबाऱ्या, मधे जेमतेम चार हात अंतर. दोन चेहरे, एकाच बापाच्या वळणाचे. साबाजीच्या तोंडावर विजयाचा आनंद अजून तसाच आहे आणि छातीत गोळी शिरली आहे. मुधोजीच्या मुठीतून धूर निघतो आहे. खाली दोन्हीकडचे माहूत, त्यांना काही कळेनासं झालंय. आणि त्याच वेळी शेकडो कोस पूर्वेला रतनपुरात बसलेला बिंबाजी, जो या दोघांचाही भाऊ आहे, त्याला ही बातमी अजून पोचायची आहे. हाच तो बिंबाजी, ज्याने दसऱ्याला सोनं वाटायची पद्धत छत्तीसगडात रुजवली असं इथे सांगतात. आपण दरवर्षी आपट्याची पानं हातात देऊन म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. त्याच्या दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याला काय दिलं ते मात्र कुणाला सांगायचं नाही!

पाचगावचं चित्र मी आजवर कुठल्याही भिंतीवर, कॅलेंडरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहिलेलं नाही.

भिंतीवर शेवटी जे चित्र लागलं ते तुम्ही पाहिलं आहे. तुमच्या गावातही तेच आहे. पांढराशुभ्र घोडा, पुढचे दोन पाय हवेत. वर सरदार, तलवार आभाळात, मिशीचा एक केस विस्कटलेला नाही. मागे भगवा, तो डावीकडे फडकतो आहे. घोड्याचं शेपूट उजवीकडे उडतंय. म्हणजे एकाच मैदानावर दोन वारे वाहताहेत. खाली तीन शत्रू, तिघांना दाढ्या, तिघांनीही आ वासलेला. तलवारीवर रक्त नाही. मेलेलं घोडं नाही. तोफ ओढणारे बैल नाहीत, धान्य वाहणारे वंजाऱ्यांचे तांडे नाहीत, बाजारबुणगे नाहीत. मराठी फौजा अठराव्या शतकात ज्यांच्या जिवावर हिंदुस्थानभर फिरल्या त्यांतलं काहीच नाही. आणि तो दोन पायांवरचा घोडा? तो युरोपातून आला. चित्रकार दावीदने नेपोलियनला आल्प्स ओलांडताना असाच उधळत्या घोड्यावर बसवला होता, आणि नेपोलियनने प्रत्यक्षात आल्प्स ओलांडला खेचरावर बसून. आपले चित्रकार कलाशाळेत युरोपची प्रमाणं शिकले, छापखाने आले, कॅलेंडरं आली, आणि ते खोटं घोडं आपल्या सगळ्या लढायांत शिरलं. ते अजून पाय खाली टेकवायला तयार नाही.

चित्र काढणारा गडी चांगला होता. छत्तीसगढी माणूस, बोर्ड रंगवता रंगवता हात तयार झालेला. मी त्याला आधी माझ्या घरी बोलावून पाचगावची हकीकत सांगितली होती. बूढापाऱ्यातल्या माझ्या ओसरीवर तो उकिडवा बसला, खिशातून पेन्सिल काढली आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन हत्ती भराभर काढले. मग थांबला. मला विचारलं, "दुश्मन मन के पागा कोन रंग के रही, कका?"

मी सांगितलं, दोन्हीकडे एकच पागोटं. दोन्हीकडे एकच बोली, एकच झेंडा.

"दूनों डहर एके झंडा? त कोन जीतिस, कइसे पता चलही?"

कार्यकारिणीच्या पंधरा पदवीधरांना जे सुचलं नाही ते या माणसाने एका दमात विचारलं. लढाईच्या चित्रात शत्रू रंगावरून ओळखायचा असतो. तोच रंग आपला असेल तर चित्राची सगळी व्यवस्था कोसळते. मग रंगाऐवजी चेहरे काढावे लागतात. चेहरे काढायचे तर माणसं माहीत असावी लागतात, आणि माणसं माहीत करून घ्यायची तर वाचावं लागतं. आपल्या तेजस्वी इतिहासवाल्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

बरं, पाचगाव हे एकच असतं तर सोडून दिलं असतं. मराठ्यांचं अठरावं शतक उघडलं की सुरुवातीलाच कोणती लढाई दिसते? 12 ऑक्टोबर 1707, खेड. शाहू विरुद्ध ताराबाईची फौज. धनाजी जाधव ताराबाईच्या बाजूने आला आणि शाहूला मिळाला. म्हणजे औरंगजेब मरून वर्ष झालं नव्हतं आणि आपण एकमेकांवर धावून गेलो होतो. आळेगाव 1762, पुतण्या माधवराव विरुद्ध काका रघुनाथराव, आणि काकाच्या पाठीशी निजाम. धोडप 1768, पुन्हा तेच दोघे, या वेळी काका कैद. 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं तेव्हा निजामाच्या छावणीत कोण होतं? आमचे जानोजी भोसले. आणि 1765 मध्ये नागपूर लुटून जाळलं कुणी? पेशवा आणि निजाम, दोघांनी मिळून. पुण्याच्या आगीत नागपूरचा हात, नागपूरच्या आगीत पुण्याचा. आज या दोन शहरांची माणसं पुरणपोळीत जायफळ की वेलची यावर भांडतात आणि आपलं वैर फार जुनं आहे असं समजतात!

डभईच्या लढाईवर मात्र थांबलंच पाहिजे, कारण तिथे आपली लबाडी आकड्यात मोजता येते.

पहिला बाजीराव एकही लढाई हरला नाही, हे मराठी मुलाला बाराखडीबरोबर शिकवतात. चाळीस की एक्केचाळीस, आकड्यावरून वाद घालतात, पण 'अजिंक्य' या शब्दावर सगळे एक होतात. खरंच तो विलक्षण सेनापती होता, त्यात माझी तक्रार नाही. पण ती यादी कुणी वाचली आहे का? 1 एप्रिल 1731, डभई. समोर निजाम नाही, मोगल नाही. समोर आहे त्रिंबकराव दाभाडे, मराठी राज्याचा सेनापती. राज्याच्या पेशव्याने राज्याच्या सेनापतीला मैदानात गाठलं आणि सेनापती ठार झाला. गोळी त्याच्या मामानेच घातली असं परंपरा सांगते. त्याच्या आईची, उमाबाईची, समजूत घालायला स्वतः शाहू महाराजांना मधे पडावं लागलं. ही लढाई 'अजिंक्य'च्या मोजणीत धरायची, आणि चित्रात धरायची नाही? बेरजेत घेता तर भिंतीवरही घ्या. अंबारीवर कोसळलेला सेनापती रंगवा आणि खाली लिहा, पेशव्यांचा विजय. लिहिताना हात थरथरला तर समजा की इतिहास कळायला लागला.

आणि हडपसर. 25 ऑक्टोबर 1802, दिवाळीचे दिवस. आज जिथे मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती आणि उड्डाणपुलाखालची वाहनं आहेत त्या भागात यशवंतराव होळकराने शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा चुराडा केला. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या बाजीरावाने यशवंतरावाच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. शिंद्यांच्या पलटणींवर इंग्रज अधिकारी, होळकरांच्या पलटणींवरही इंग्रज अधिकारी. शिंद्यांकडचा डॉज मेला, होळकरांकडचा हार्डिंग मेला. पेशवा निकाल लागायच्या आतच सिंहगडाकडे निघाला आणि पळत पळत शेवटी इंग्रजांच्या आसऱ्याला वसईला पोचला. 31 डिसेंबरला तह. पुढच्या सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव. तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले आणि होळकर बाजूला उभा राहिला. 1804 मध्ये होळकर लढला तेव्हा शिंदे आणि भोसले तहाच्या दोऱ्यांनी बांधलेले होते. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजीने कटक गमावलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही. हा तोच रघूजी, ज्याच्या गादीसाठी बापाने काकाला पाचगावला गोळी घातली होती. मूठ सव्वा लाखाची म्हणताना अध्यक्षांनी कटकची किंमत धरली होती का?

खर्ड्याचं चित्र मात्र आपण हौसेने लावतो. 1795, सगळे सरदार एका झेंड्याखाली, निजाम पराभूत. फार सुंदर. पण खर्ड्यापासून हडपसर फक्त सात वर्षांवर आहे. एक चित्र लावून दुसरं लपवणं म्हणजे लग्नाचा फोटो दिवाणखान्यात लावून फारकतीचा कागद गादीखाली ठेवणं.

तेव्हाचे चित्रकार कुठे होते, असं कुणी विचारील. होते की. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार 1792 मध्ये पुण्यात आला. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, गंगाराम तांबट तिथे तयार झाला. वेल्सने सवाई माधवराव रंगवला, नाना फडणवीस रंगवला, महादजी शिंदे रंगवला. त्याच सुमारास, 1793 मध्ये, राजपुतान्यात लाखेरीला महादजीच्या फौजेने तुकोजी होळकराच्या फौजेचा फडशा पाडला. पुण्यात महादजीचा रेशमी अंगरखा रंगवला जात होता आणि लाखेरीच्या घाटात मराठ्यांची मढी पडत होती. चित्रात अंगरखा राहिला. ही आपली जुनी खोड आहे. तिला परंपरा म्हणून पाया पडायची मला गरज वाटत नाही.

पण अध्यक्षांचा दुसरा मुद्दा असा की हे असलं पाहून मुलांच्या मनावर काय परिणाम होईल.

मुलांच्या मनावर! अहो, ज्या देशात आजी नातवाला झोपवताना चुलतभावांच्या अठरा अक्षौहिणींची कत्तल सांगते त्या देशात? कुरुक्षेत्र काय परक्यांशी झालं? रायपुरातल्या आणि दुर्ग-भिलाईच्या मुलांनी तीजनबाईंची पंडवाणी ऐकलेली आहे. 2019 मध्ये देशाने त्यांना पद्मविभूषण दिलं. त्यांच्या हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, दुःशासन वधाचा प्रसंग येतो, समोरची माणसं श्वास रोखून बसतात. भाऊ भावाची छाती फोडतो आहे हे पोरांना नीट कळतं. बिघडलेला एकही पोरगा मी पाहिला नाही. झोपलेले मात्र पाहिले आहेत, आपल्या सभागृहातल्या तेजस्वी व्याख्यानात.

आपल्या भाषेचं तर विचारूच नका. गृहयुद्ध हा शब्द वर्तमानपत्री आहे. मराठीचा स्वतःचा शब्द यादवी. कृष्णाच्या स्वतःच्या कुळाने प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपवलं, तेही हाताला लागलेल्या लव्हाळ्यांनी, आणि त्या कुळाच्या नावानेच आपण असल्या युद्धाला हाक मारतो. घरातल्या घरात हेच चाललं तर भाऊबंदकी. देवाच्या घरातलं भांडण आपल्या पूर्वजांनी शब्दकोशात कायमचं नोंदवून ठेवलं. आणि आपण भोसल्यांच्या घरातलं भांडण चव्हाट्यावर यायला नको म्हणतो. भोसले कृष्णाहून थोर का?

लिहिणाऱ्यांनी हे धाडस कधीच केलं आहे. बखरकार तर भांडणांवरच जगले. पानिपतावरच्या 'भाऊसाहेबांच्या बखरी'तून सरदारांचे हेवेदावे वगळले तर अर्धी बखर गळून पडेल. खाडिलकरांनी 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आणलं ते 1909 मध्ये. नारायणरावाचा खून, रघुनाथराव, रामशास्त्री, सगळं उघड, तिकीट लावून. इंग्रजांचं राज्य होतं, लोकांना एकीची खरोखर गरज होती, टिळकांचा माणूस होता, आणि तरी त्याने ते लिहिलं. नाटकवाला शतकापूर्वी जे करून गेला ते चित्रवाल्याला आज करू द्यायला आमची कार्यकारिणी भिते.

आणि ज्यांना आपल्या चित्रात कायम हिरवं पागोटं देऊन खाली पाडतो, त्या मोगलांचं पाहा. 1658 मध्ये समूगढला औरंगजेब आणि दारा शुकोह हे सख्खे भाऊ लढले. ती लढाई पयाग नावाच्या दरबारी चित्रकाराने रंगवली असं मानतात. चित्र आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहे. धूर, हत्ती, तोफा, आणि दोन्हीकडे एकाच बापाची फौज. जपानच्या बाराव्या शतकातल्या हेइजी बंडाची तेराव्या शतकातली चित्रपोथी आहे. राजवाड्यावरचा रात्रीचा हल्ला, आग, पळणाऱ्या बायका, चाकाखाली चिरडली जाणारी माणसं. तिचा जपान्यांना अभिमान आहे. औरंगजेबाच्या दरबारात जे रंगवता आलं ते आपल्या लोकशाही सभागृहात चालत नाही, याची लाज कुणाला वाटत नाही?

लपवाछपवी केली की काय होतं, तेही पाहून घ्या. अमेरिकेच्या यादवीतली अटलांटाची लढाई 22 जुलै 1864 ची. उत्तरेची फौज जिंकली, दक्षिणेची हरली. मिलवॉकीत बहुतेक जर्मन चित्रकारांनी 1886 पर्यंत तिचं गोलाकार अवाढव्य चित्र पुरं केलं; उभं राहून भोवती फिरायचं, शंभराहून जास्त मीटर लांबी. 1892 मध्ये ते अटलांटालाच आलं, म्हणजे हरलेल्यांच्या शहरात. मालकाने काय करावं? दक्षिणेच्या कैद्यांचे करडे डगले निळे रंगवून टाकले, की झाले ते उत्तरेचे पळपुटे! आणि जाहिरात केली की दक्षिणेच्या विजयाचं हे एकमेव चित्र. डगल्याला एक हात रंग दिला आणि लढाईचा निकाल फिरवला. पुढे जाणत्यांनी रंग मूळपदावर आणला, आणि आज त्या शहरातल्या इतिहास संग्रहालयात चित्राबरोबर ही रंगफिरवणीही सांगतात. आम्ही तर त्या मालकाच्याही पुढे आहोत. त्याने निदान चित्र ठेवून रंग बदलला.

आता रायपुरातली गोष्ट, जी कुणाला ऐकायची नसते. या शहरातल्या भिंतीवर मराठी घोडेस्वार लावताना समोर कोण बसलं आहे याचा विचार करायला हवा की नको? 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकर नागपूरकरांची फौज घेऊन रतनपुरावर आला. राजा रघुनाथसिंह म्हातारा, मुलगा गेल्याच्या दुःखात बुडालेला, लढायला उठलाच नाही. तोफेने वाड्याचा भाग पाडला तेव्हा राणीनेच तटावर येऊन पांढरं निशाण दाखवलं. शहरावर लाख रुपये दंड बसला, लूट झाली ती वेगळी. कलचुरींचं शतकानुशतकांचं राज्य असं संपलं. हे चित्र काढलं तर त्यात पागोट्याचा रंग कुणाचा कोणता? सभागृहाचा चौकीदार छत्तीसगढी, सतरंज्या घालणारी बाई छत्तीसगढी, चित्र काढणाराही छत्तीसगढी. त्याने उधळता घोडा मुकाट्याने रंगवला, पैसे घेतले आणि गेला. त्याच्या जागी मी असतो तर खाली टापांत रतनपूरची वेस काढली असती.

हा रोग आपल्यापुरता नाही, हे खरं. सोनाखानच्या वीर नारायणसिंहांना 10 डिसेंबर 1857 ला याच रायपुरात फाशी दिली. चित्रांत फास आहे, गोरा साहेब आहे. त्यांना पकडायला निघालेल्या कॅप्टन स्मिथला माणसं पुरवणारे देवरी, कटंगी, भटगाव, बिलाईगडचे जमीनदार कुठल्या चित्रात आहेत? शेजारच्यांनी वाट दाखवली नसती तर स्मिथ त्या डोंगरात किती दिवस फिरला असता? तेही पुसलेले. छत्तीसगढी माणसाला मी हे तोंडावर सांगतो, कारण आधी मी स्वतःच्या भोसल्यांचं सांगितलेलं असतं. नाहीतर मला तो अधिकारच नाही.

चित्राचं अनावरण मोठ्या थाटात झालं. अध्यक्ष एकीवर बोलले. फूट पडली म्हणून आपण गेलो, आता तरी एक होऊ या, असं गळा दाटून सांगितलं. फूट कुणात पडली, कुठे पडली, केव्हा पडली, हे सांगितलं नाही. ते भिंतीवर लावायला नको म्हणून त्यांनीच ठरवलं होतं. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कारण दुसरा गट आलाच नव्हता. आमच्याकडे निवडणुकीपासून दोन गट आहेत. गेल्या कोजागिरीला एका गटाने गच्चीवर दूध आटवलं आणि दुसऱ्याने खाली अंगणात. चंद्र एक, कढया दोन. गच्चीवरच्यांनी अंगणात येऊ नये म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे यावर दुसऱ्या दिवशी तीन तास बैठक झाली. मी दोन्हीकडचं दूध प्यालो आणि दोन्हीकडे सांगितलं की तुमची भांडणं पाचगावपेक्षा फार हलकी आहेत, पण पाचगाव माहीत नाही म्हणून तुम्हाला ती जड वाटतात. दोघांनाही राग आला. त्या एका बाबतीत एकी झाली.

तो छत्तीसगढी चित्रकार दसऱ्यानंतर माझ्याकडे आपण होऊन आला. लग्नपत्रिकेच्या पाठीवरचे हत्ती त्याने सांभाळून ठेवले होते. मी सहा फूट बाय चार फूट प्लायवूड आणून दिलं. दीड महिना तो दर रविवारी ओसरीवर बसून रंगवत होता. दोन्ही पागोटी एकाच डब्यातल्या रंगाने केली, दोन्ही झेंडेही. साबाजीचा चेहरा तीनदा पुसला. अजून तो हसतच होता असं दाखवायचं होतं आणि ब्रश वळत नव्हता. शेवटी मीच ओसरीवरच्या खुर्चीत बसलो आणि तो माझं तोंड बघून काढू लागला. मुधोजीचं तोंडही त्याने माझ्यावरूनच काढलं, सुरकुत्या तेवढ्या कमी करून. घोडा एकही दोन पायांवर नाही. एक मेलेला आहे, पाठीवर पडलेला, त्याच्या तंगाचा पट्टा सुटलाय. झेंडे आणि शेपट्या एकाच दिशेला उडताहेत.

चित्र सध्या जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभं आहे. अध्यक्षांना मी लेखी कळवलं आहे, उत्तर नाही. 26 जानेवारीला सकाळी साडेसातला सभागृहात झेंडावंदन असतं आणि त्याला दोन्ही गट येतात, कारण झेंड्याला दोन दोऱ्या बांधता येत नाहीत. पाचगावला साबाजी पडला तीही तारीख तीच. हातगाडी मी ठरवली आहे, चित्रकार येणार आहे, खिळे आणि हातोडी त्याच्याकडे आहेत. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला अजून सात फूट भिंत मोकळी आहे. ज्याला अडवायचं असेल त्याने दारात येऊन उभं राहावं.